माळ्यावरचा सर्व्हर आणि ९४ चं कोडं

मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की आता तीन महिने हार्डवेअरला हात लावायचा नाही. तीन आठवडेही टिकलं नाही.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात मांडणी. पुण्यातला फ्लॅट. फायबर हॉलमध्ये येतो, राउटर तिथेच. तिथून टीव्हीच्या जुन्या कन्सील्ड पाइपमधून एक वायर बाथरूमवरच्या माळ्यावर जाते. माळ्यावर सेकंडहँड थिंकसेंटर एम७२०क्यू हा छोटा संगणक, त्यावर प्रॉक्समॉक्स, म्हणजे एकाच मशिनवर अनेक आभासी मशिनं (व्हीएम) चालवणारी प्रणाली. आत जेलीफिन (सिनेमे), इमिच (फोटो), पाय-होल (जाहिराती अडवणारा डीएनएस) आणि होम असिस्टंट (घरातली स्मार्ट उपकरणं). शेजारी छोटा पीओई स्विच, म्हणजे नेटवर्कच्या वायरीतूनच वीजही देणारा, त्यावर दाराबाहेरचा कॅमेरा. राउटर धरून सगळं मिळून ३१ वॉट, म्हणजे महिन्याला साधारण २२ युनिट. हा हिशेब बाबांना कागदावर मांडून दाखवलाय, त्यामुळे त्या आघाडीवर सध्या शांतता आहे.

तर झालं असं की मावसबहिणीच्या लग्नाचे ४० जीबी फोटो इमिचमध्ये चढवायला घेतले आणि गाडी सेकंदाला ११ एमबीच्या वर जाईना. सहा-सात मिनिटांचं काम तासावर गेलं. सर्व्हरवरून राउटरकडे आयपर्फ (जोडणीचा वेग मोजणारा प्रोग्राम) चालवला: ९४ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ९४ मेगाबिट; आठ बिटांचा एक बाइट, म्हणून जवळपास तेच ११ एमबी. पुन्हा चालवला: ९४. फोनवर वायफायला मात्र २८० मिळत होते.

आता ९४ हा आकडा बघितल्याबरोबर माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. गिगाबिट जोडणी धडधाकट असेल तर ९४० च्या आसपास मिळतात; बरोबर ९४ म्हणजे जोडणी १०० वर उतरलेली. पण मी हुशार ना! मी आधी सॉफ्टवेअरच्या मागे लागले. या मशिनच्या नेटवर्क कार्डाच्या ई१०००ई ड्रायव्हरचा ‘हार्डवेअर युनिट हँग’ प्रॉक्समॉक्सवाल्यांत चांगलाच प्रसिद्ध आहे, म्हणून कार्डाची टीएसओ नावाची सोय बंद केली. कर्नल बदलला. प्रॉक्समॉक्समधला नेटवर्कचा ब्रिज पुन्हा बांधला. दोन रात्री गेल्या. तिसऱ्या रात्री ईथटूल (जोडणी किती वेगावर जुळलीय ते दाखवणारी कमांड) चालवून बघितलं. सर्व्हर आणि स्विच यांच्यात सरळ १००० दिसत होते. म्हणजे इतके दिवस मी निरपराध माणसाला कोठडीत ठेवलं होतं. मग स्विचच्या सेटिंगच्या पानावर राउटरकडे जाणारा पोर्ट बघितला. १००.

१०० एमबीपीएसला आठातल्या चारच तारा लागतात: १, २, ३ आणि ६. गिगाबिटला आठही. त्यामुळे ४, ५, ७, ८ पैकी एक जरी नीट टेकत नसेल तर दोन्हीकडची यंत्रं बिचारी समजुतीने १०० वर उतरतात आणि सगळं ‘चालू’ दिसतं. इंटरनेट येतं, जेलीफिन चालतं, घरात कुणी तक्रार करत नाही. पूर्ण बंद पडलं असतं तर अर्ध्या तासात सापडलं असतं.

टेस्टर लावला तर आठही दिवे क्रमाने लागले! इथे मी पुन्हा फसले. स्वस्तातला टेस्टर तार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचते एवढंच सांगतो. कशी पोचते हे सांगत नाही. दोन्ही टोकांचे जॅक कापून नव्याने क्रिंप केले, म्हणजे तारा क्रमाने लावून दाबून बसवले: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. १००० आले. पेढे वाटायचे तेवढे राहिले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी परत १००.

धागा सापडला तो कॅमेऱ्यामुळे. आई बरेच दिवस म्हणत होती, “अगं, तुझा तो कॅमेरा दिवेलागणीला जातो.” मी तिला वायफायवर ढकलून मोकळी झाले होते, कॅमेरा वायरवर असूनही. लॉग काढले तेव्हा कळलं की आईचं शब्दशः खरं होतं. अंधार पडला की कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, वीज जास्त ओढली जाते आणि त्याच क्षणी तो रीबूट होतो. दिवसा एकदाही नाही. वीज मधेच कुठेतरी गळत होती. आणि कॅमेऱ्याची वायर नि माळ्याची वायर एकाच बंडलातली, चार वर्षांपूर्वी ऑनलाइन स्वस्तात मिळाली म्हणून घेतलेली.

उरलेला तुकडा काढला, तार ब्लेडने खरवडली. वरचा तांब्याचा रंग निघाला आणि आत पांढरी चकाकी. सीसीए! ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. डब्यावर ‘कॅट ६’ असं ठसठशीत छापलेलं. खात्रीसाठी शेजाऱ्यांकडून शुद्ध तांब्याच्या वायरचा पाच मीटरचा तुकडा आणला आणि दोन्ही तुकडे स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले. ५०-६० ग्रॅमचा फरक. असल्या तारेचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो, त्यामुळे पीओईच्या विजेचा दाब (व्होल्टेज) वाटेतच घटतो. शिवाय ती ठिसूळ, जॅकमध्ये दाबताना नि वळताना पिचते. उन्हाळ्यात आमचा माळा भट्टीसारखा तापतो, त्याने राहिलेली कसर भरून काढली असावी.

तपकीर गल्लीतून तांब्याची वायर आणली. यावेळी दुकानातच ब्लेड काढला, दुकानदार हसला पण काही बोलला नाही. ओढायचं काम रविवारी. जुन्या वायरीला नवी वायर टेपने बांधून माळ्यावरून मी ओढणार, हॉलमधून बाबा सोडणार असा बेत होता. कोपऱ्यावर अडकली. “ओढ!” “थांबा, थांबा!” असं वीस मिनिटं चाललं आणि टेपची गाठ पाइपमध्येच सुटली. मग वायरमनकडून नायलॉनची फिश टेप (पाइपमधून वायर ओढायची लवचीक पट्टी) मागून आणली आणि आईच्या सल्ल्याने वायरीला टाल्कम पावडर चोपडली. सरसर गेली. बाथरूमला अजून चंदनाचा वास येतोय. कॅमेऱ्याची वायर त्याच दिवशी उरकली.

आता आयपर्फ ९४१. कॅमेरा १९ दिवस एकदाही पडलेला नाही.

बाकी किरकोळ. गुरुवारच्या वीजकपातीत सर्व्हर धाडकन बंद पडू नये म्हणून नट (यूपीएसवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर) बसवलंय. बॅटरी ३० टक्क्यांवर आली की व्हीएम शिस्तीत बंद होतात, एकदा खरोखर तपासून झालंय. पाय-होल आता दोन जागी आहे, दुसरं एका जुन्या रास्पबेरी पायवर. पूर्वी मी राउटरमध्ये दुसरा डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा सर्व्हर) म्हणून बाहेरचा पत्ता टाकला होता आणि तो फक्त अडीअडचणीला वापरला जाईल असं समजत होते. तसं नसतं, उपकरणं मनाला येईल तो वापरतात, म्हणून जाहिराती मधूनच डोकवायच्या. बाहेरून घरच्या सर्व्हरवर यायला टेलस्केल (खासगी व्हीपीएन) च. आमची जोडणी सीजीनॅटमागे आहे, म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला, त्यामुळे पोर्ट उघडायचा प्रश्नच येत नाही.

त्या बंडलातली एकच वायर घरात उरलीय, आई-बाबांच्या खोलीतल्या टीव्हीची. ती काढायला कपाट सरकवावं लागतं. काल टीव्हीच्या पोर्टची माहिती वाचली: तो पोर्टच १०० चा आहे. कपाट जागेवर राहील.