पाणाड्याचा नारळ आणि आमच्या घरातला वाद

मागच्या उन्हाळ्यात बोअर घ्यायचं ठरलं अन् घरात आठ दिवस वाद चालला. अण्णा म्हणाले पाणाड्याला, म्हणजे जमिनीखालच्या पाण्याची जागा दाखवणाऱ्याला बोलवू, पाणी असलं की त्याच्या तळहातावर आडवा ठेवलेला नारळ ताडकन उभा राहतो, ह्या डोळ्यानं बघितलंय मी. मामाचं म्हणणं, त्यानंच दाखवलेल्या जागेवर शेजारच्या रानात दोन इंच पाणी लागलंय, अन् २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं त्या उन्हाळ्यात पण तो बोअर चालू होता. आता अशा आठवणीपुढं माझ्या हातातल्या भूजल खात्याच्या, जमिनीखालच्या पाण्याच्या नकाशाला कोण विचारतंय.

पण बघा, अण्णांनी नारळ उभा राहिलेला बघितला हे खरंच आहे, ते मी कशाला खोटं पाडू? त्यातनं नारळ हलला एवढंच कळतं, खाली पाणी आहे हे नाही. मामानं सांगितलेला शेजारचा बोअर पण खरा, पण एकच. म्हणून विचारलं, मामा, त्या माणसानं आपल्या शिवारात एकूण किती पॉइंट दिले अन् त्यातले कोरडे किती गेले? मामा गप्प. मग दोघं गाडीवर बांधाबांधानं फिरलो. पाणी लागलेल्या बोअरची गोष्ट लोक चहा पाजून सांगतात, नुसता फुफाटा निघालेल्याचा विषय कोणी काढत नाही, दगड ठेवून झाकलेले केसिंग पाईप आपणच हुडकावे लागतात. अकरा पॉइंट सापडले, सात कोरडे. अन् खरा सवाल पुढचा होता, त्याला न विचारता ज्यांनी घेतले त्यांचं काय झालं? त्यांचीही गत साधारण तशीच निघाली!

आपल्याकडं खाली काळा पाषाण, पाणी असतं ते मुरमात, भेगांत नाहीतर दोन थरांच्या सांध्यात, त्यामुळं एका बोअरला पाणी अन् तीस फुटावर फुफाटा असं होतं. शेजाऱ्याच्या बोअरवरनं आपला अंदाज बांधणं त्यामुळंच अवघड.

हे सगळं सांगितल्यावर अण्णांनी शांतपणे विचारलं, "अन् तुझ्या नकाशावरनं घेतलेले किती लागले रे?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. नकाशा अख्ख्या भागाचा, आमच्या दोन एकरातल्या भेगा त्यात कुठं दिसणार. आता मशीननं जमीन तपासणारा परवा येतोय, अन् त्याला कोरडे किती गेले हे अण्णाच आधी विचारणार आहेत.