हरित इमारतीत बसणाऱ्यालाही विचारावे

आमचे तालुक्याचे कार्यालय कवेलूंच्या जुन्या इमारतीतून नव्या पर्यावरणपूरक इमारतीत हलले, त्याला आता दोन पावसाळे होतील. गच्चीवरचे सोलर पॅनेल, पावसाचे पाणी साठवणारी टाकी, एलईडी दिवे आणि उष्णता अडवणाऱ्या पोकळ भिंती ही सारी तजवीज मोलाची आहे. नवतपात बाहेर पारा ४५ अंशांपर्यंत चढलेला असतानाही आतून भिंतीला हात लावला तर ती तापलेली लागत नाही, आणि दुपारनंतर डोके जड होण्याची जुनी तक्रार आता क्वचितच ऐकू येते.

त्रास आहे तो पश्चिमेच्या काचांचा. नैसर्गिक उजेड भरपूर यावा म्हणून तिथे मोठ्या, न उघडणाऱ्या काचा बसवल्या आहेत. दुपार कलली की ऊन थेट संगणकाच्या पडद्यावर उतरते आणि अक्षर दिसेनासे होते. आवक-जावक पाहणाऱ्या ताईंनी पहिल्याच उन्हाळ्यात आपल्या बाजूच्या काचेवर खाकी कागद चिकटवला. बघता बघता सगळी रांग झाकली गेली आणि भर दुपारी दिवे लागू लागले, म्हणजे उजेडासाठी घातलेली काचच विजेचा खर्च वाढवू लागली. ताई म्हणतात, "भाऊ, थंडावा आहे जी, पण खिडकी आपल्या हातानं उघडता आली पायजे."

त्यांच्या म्हणण्याला अभ्यासाचाही आधार आहे. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने देशातल्या पाच हवामान विभागांतील कार्यालयांत कर्मचाऱ्यांनाच विचारून सुखकर तापमानाचे भारतीय प्रारूप तयार केले आणि २०१६च्या राष्ट्रीय इमारत संहितेत त्याला स्थान मिळाले. खिडक्या उघडणाऱ्या इमारतीत, बाहेरचे महिन्याचे सरासरी तापमान ३० अंश असेल, तर आतले सुमारे २९ अंश माणसाला सुखकर वाटतात, असे त्या प्रारूपाचे गणित सांगते. वातानुकूलित यंत्रांसाठी २०२० पासून मूळ तापमान, म्हणजे यंत्र सुरू करताच आपोआप लागणारे तापमान, २४ अंश ठरवले गेले आहे. त्याच्याशी ताडून पाहिले तर खिडकीवरच्या हक्काने किती वीज वाचू शकते, हे ध्यानात येते.

श्रावणातल्या झडीत प्रश्न निराळा असतो. हवेतच ओल असल्याने कूलरचा उपयोग होत नाही, बंद खोलीत दमटपणा कोंडतो आणि फायलींना बुरशीचा वास येतो. अशा वेळी वारा आरपार जाण्याखेरीज उपाय नाही.

इमारत किती हरित आहे हे ठरवताना वीज, पाणी आणि साहित्याचा हिशेब बारकाईने होतो, आणि तो व्हायलाच हवा. माझा आग्रह एवढाच आहे की वापर सुरू झाल्यावर एकदा मे महिन्यात आणि एकदा ऑगस्टमध्ये तिथे बसणाऱ्यांनाही विचारले जावे. पश्चिमेचे ऊन तिरपे येत असल्याने वरचा छज्जा तिथे कामाचा नाही. म्हणून काचांबाहेर बांबूच्या ताट्या लावाव्यात आणि निम्मी तावदाने उघडणारी करावीत, असा अर्ज आम्ही सर्वांच्या सह्यांनिशी दिला आहे.