वीत

माझी आई फूटपाथवरून चालत नाही. पंच्याहत्तरी उलटली, दोन्ही गुडघे कुरकुरतात, तरी भाजीला जाताना रस्त्याच्या कडेनेच जाते आणि मागून येणारा प्रत्येक रिक्षावाला तिला हॉर्न मारतो. "अगं, वर चढ ना!" मी ओरडतो. "तूच चढ. मी बघते."

परवा तिने फूटपाथच्या कडेला चक्क वीत लावली. पुरली नाही. मग मी शिवणयंत्राच्या खणातला टेप नेला. पावणेअकरा इंच! रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेची पादचाऱ्यांच्या सोयींसाठी मार्गदर्शिका आहे, तिच्यात ही उंची १५ सेंटिमीटरच्या वर नको म्हटलंय, म्हणजे सहा इंच. चालायला मोकळी जागा किमान १.८ मीटर हवी. आमच्याकडे तेवढ्यात एक झाड, विजेची एक डीपी (वीजवाटपाची पेटी) आणि चपला शिवणारे काका मावतात. (काकांबद्दल तक्रार नाही, आईच्या चपला तेच शिवतात.)

जुन्या फरशीवर नवे पेव्हर ब्लॉक चढत गेले की उंची वाढते. शिवाय दुचाक्या वर येऊ नयेत, असाही हिशेब असावा. पण दुचाक्या सोसायटीच्या फाटकापाशी केलेल्या उतारावरून ऐटीत वर येतात. अडते ती आई. घरापासून भाजीवाल्यापर्यंत सात फाटकं, प्रत्येकापाशी उतरा आणि पुन्हा चढा. पर्वतीच्या पायऱ्या सुट्या करून वाटेत मांडल्यासारख्या. खरं तर फाटकापुढेही फूटपाथ सपाट ठेवावा आणि चढ-उतार गाडीने करावा; तिला कुठे गुडघे आहेत?

११ डिसेंबर २०२१ ला पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर पहिला पादचारी दिन झाला, तेव्हा आईला मुद्दाम घेऊन गेलो होतो. रस्ता गाड्यांना बंद. भर मधून चालायचं. आईने दुकानांच्या पाट्या वाचल्या, वरच्या मजल्यांचे जुने लाकडी कठडे दाखवले. चालताना तिची नजर जमिनीवरून वर आलेली मी कित्येक दिवसांनी पाहिली. पण थोड्या थोड्या वेळाने ती कडेला सरकायची. मागून कुणीच येत नव्हतं.

काल तिसऱ्या फाटकाच्या वॉचमनने तिच्यासाठी सिमेंटची एक वीट पायरीसारखी लावून ठेवली. आई त्याला मनापासून हसली, माझा हात धरून वर चढली, पाच पावलं गेली. पुढे डीपी.

"आता त्याला म्हणावं, इकडेही एक लाव."