सवय होईल म्हणे

मंगळवार, रात्री

"यावर इलाज नाही, सवय होईल." आज हे पुन्हा ऐकलं. डॉक्टर नवे, वाक्य जुनंच, आणि ते म्हणता म्हणता पुढच्या पेशंटची फाइल ओढून घेणंही जुनंच. चिडायचं तरी कशावर, कारण वाक्य खोटं नाही. टिनिटस, म्हणजे बाहेर काही वाजत नसताना कानात आवाज येत राहणं, यासाठी म्हणून मान्यता मिळालेलं एकही औषध आज नाही. बहुतेकांना कालांतराने सवय होते, हेही खरं. पण झोप न येणाऱ्याला "लागेल झोप" म्हणून घरी पाठवावं, तसं झालं हे. सवय व्हावी म्हणून काय करायचं, काय टाळायचं, पुन्हा कधी दाखवायचं, याबद्दल चकार शब्द नाही.

निदान एवढं तरी सांगावं: आवाज नाडीच्या ठोक्यांबरोबर धडधडत असेल, एकाच कानात असेल, किंवा ऐकू येणं अचानक कमी झालं असेल तर सवयीची वाट बघत बसू नका. अचानक गेलेल्या ऐकण्यावर स्टेरॉइड द्यायचं तर पहिले काही दिवसच मोलाचे असतात. हे सांगायला अर्धं मिनिट पुरतं. मला कुणी आपणहून सांगितलं नाही, वाचून कळलं.

माझा डावा कान जास्त वाजतो, म्हणून मागे एमआरआय झाला होता. ऐकण्याच्या नसेवर गाठ नाही ना, एवढंच बघायचं होतं. अशी गाठ क्वचितच निघते आणि निघाली तरी ती कर्करोगाची नसते, पण एका बाजूच्या आवाजात खात्री करून घेतात. नाही निघाली. कान वाजतो म्हणून ज्या यंत्रात झोपवलं, त्याच्याइतका ठणठणाट मात्र मी अलीकडे कुठेच ऐकला नव्हता! कानात बोळे, वरून हेडफोन, तरी डोकं दणाणलं.

आत्ता लिहिताना आवाज आहे. उंच पट्टीतली बारीक शिट्टी, तिच्यामागे थोडी सळसळ. पंखा लावलाय, त्याचा थोडा आधार वाटतो.

गुरुवार

आज ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडे, मोठी तपासणी. ही बाई मला आवडली. घाई नाही, आणि "काही नाही हो, मनाचे खेळ" हेही नाही.

जाड दाराची छोटी खोली. दार लागलं आणि शिट्टी एकदम अंगावर आली. मी दचकलेलं तिने काचेपलीकडून पाहिलं असावं. "इथे सगळ्यांचाच वाढतो," म्हणाली. "बाहेरचा आवाज गेला की आतला पुढे येतो." मग तिने एक जुना प्रयोग सांगितला. १९५३ साली हेलर आणि बर्गमन या दोघांनी कान उत्तम असलेल्या ८० जणांना अशाच ध्वनिरोधक खोलीत बसवलं आणि जे काही ऐकू येईल ते नोंदवायला सांगितलं. ९४ टक्के लोकांनी काही ना काही आवाज नोंदवला. म्हणजे पूर्ण शांततेत जवळजवळ प्रत्येकाचा कान काहीतरी बोलतो. हे ऐकून बरं वाटलं की वाईट, ठरवता येईना.

ऑडिओग्रामची, म्हणजे कोणत्या पट्टीत किती ऐकू येतं त्या आलेखाची, रेघ २००० हर्ट्झपर्यंत सरळ, ४०००ला उतरती, ६०००ला खड्डा. मग तिने एकामागून एक सूर ऐकवले. "हा जवळचा, की हा?" "दुसरा." "आणि आता?" असं करत करत माझी शिट्टी ६०००च्या आसपास सापडली. जिथे ऐकू येणं घसरलंय, नेमकं तिथेच. कित्येकांचं असंच निघतं म्हणे.

मग आवाजाचा मोठेपणा मोजायचा होता. ती आवाज हळूहळू वाढवत होती आणि माझ्या शिट्टीएवढा झाला की मी हात वर करायचा. मी हात वर केला. तिने पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तिथेच. मग पडदा माझ्याकडे वळवला: त्या पट्टीत मला जेमतेम ऐकू येतं त्याच्यापेक्षा फक्त ६ डेसिबल वर. मला आधी वाटलं यंत्र बिघडलंय. रात्र रात्र जागवणारा, जेवताना समोरच्याचं बोलणं गिळून टाकणारा आवाज, तो सहा डेसिबल? खरं सांगायचं तर थोडा अपमानच वाटला. "बहुतेकांचा १०च्या आतच येतो," ती म्हणाली, "आणि त्यातल्या काहींना त्याचं काहीच वाटत नाही, काहींची नोकरी सुटते."

शेवटी तिने मिनिटभर त्याच पट्टीतला फसफस आवाज कानात सोडला आणि बंद केला. बंद केल्यावर काहीच नव्हतं. म्हणजे खरोखर काही नाही. मला श्वास घेतलेला ऐकू आला, खुर्चीची करकर ऐकू आली. ती घड्याळ बघत होती. मग कडेकडेने शिट्टी परत आली, आधी अगदी बारीक, मग होती तशी. "चाळीस सेकंद," ती म्हणाली. याला रेसिड्युअल इनहिबिशन म्हणतात. पुष्कळांना अनुभवता येतं, सहसा काही सेकंद ते मिनिटभर टिकतं. उपचार म्हणून उपयोग नाही, हे तिने लगेच सांगितलं, पण मला त्या चाळीस सेकंदांचं मोल वाटतंय. जे बंद होऊ शकतं ते कायमचं कोरलेलं नाही.

निघताना एक प्रश्नावली भरून घेतली. २५ प्रश्न, हो, कधीकधी किंवा नाही, एकूण गुण १००. झोप, लक्ष, चिडचिड, माणसांत मिसळणं, सुटका नाही असं वाटणं. माझे ५८ आले. ५८पासून पुढे 'तीव्र' गट सुरू होतो.

मोठेपणा ६ आणि त्रास ५८. या दोन आकड्यांमध्ये जे काही आहे, तोच माझा आजार.

शुक्रवार

रात्री वाचत बसले. आतल्या कानातल्या केशपेशी एका कानात साधारण १५ हजार असतात आणि माणसात त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्या गेल्या की ठरावीक पट्टीतले संदेश मेंदूपर्यंत कमी पोचतात, आणि मेंदू स्वस्थ बसत नाही. मिळणारं थोडं अधिक मोठं करून घेतो, आणि त्यात मेंदूतल्या पेशींची स्वतःची किरकोळ हालचालही आवाज म्हणून ऐकू येऊ लागते. सगळं कोडं यातून सुटत नाही, पण आजचं मुख्य स्पष्टीकरण हेच.

मग कानाची नसच कापली तर? हा विचार माझ्या मनात रात्री तीनला येऊन गेलेला आहे, आणि वैद्यकाच्याही. गाठीच्या शस्त्रक्रियेत ज्यांची नस कापावी लागली अशा रुग्णांचं काय झालं ते तपासलेलं आहे. काहींचा आवाज कमी झाला, पण बऱ्याच जणांचा राहिला किंवा वाढला. कान तुटला तरी आवाज चालूच. तेव्हा कानात थेंब टाकून हा जाईल, ही आशा कुणी दाखवली तर त्याच्याकडे नीट बघून घ्यावं.

शनिवार

मावसबहीण आली होती, जिन्कोच्या गोळ्यांची बाटली घेऊन. "घे गं, झाडपाल्याचं आहे, अपाय तर नाही ना!" तिच्या मायेबद्दल शंका नाही. बाटलीबद्दल आहे. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली टिनिटसची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात जिन्को, मेलाटोनिन, झिंक आणि तत्सम गोळ्यांची शिफारस करू नये असं सरळ म्हटलंय. नैराश्याची आणि फिट्सची औषधंही फक्त टिनिटससाठी म्हणून नेहमी देऊ नयेत, असंही. आणि रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर जिन्कोने रक्तस्राव वाढू शकतो, म्हणजे अपाय नाही हेही खरं नाही. बाटली कपाटात ठेवली. तिला काय सांगायचं ते पुढच्या भेटीत बघू.

औषध मुळीच परिणाम करत नाही, असंही नाही. लिडोकेन हे भूल देण्याचं साधं औषध शिरेतून दिलं तर पुष्कळांचा आवाज खरोखर कमी होतो, काहींचा थांबतोही. पण थोडाच वेळ, आणि हृदयाला धोका असतो म्हणून रोजच्या वापराला ते बाद. हे वाचून मी किती वेळ छताकडे बघत पडले होते. उलट बाजूने ॲस्पिरिनचे मोठे डोस कान वाजवतात आणि बंद केले की बहुधा तो आवाज जातो. सिस्प्लॅटिन हे कर्करोगाचं औषध आणि जेंटामायसिन हे अँटिबायोटिक यांनी मात्र कायमचं नुकसान होऊ शकतं. चालू असलेल्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवावी ती यासाठी. मनाने बंद करू नयेत, हे आलंच.

सोमवार

सीबीटीच्या, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचाराच्या, सत्रातून आले. ही थेरपी आवाज कमी करत नाही, हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि म्हणूनच माझा तिच्यावर विश्वास बसला. कॉक्रन ही उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था. तिच्या २०२०च्या आढाव्यात सीबीटीच्या २८ चाचण्या एकत्र केल्या आहेत. निष्कर्ष असा की टिनिटसचा जगण्यावर होणारा जाच तिने कमी होऊ शकतो. परिणाम पुढे किती टिकतो याचा पुरावा तोकडा आहे. या विषयात याहून भक्कम दुसरं काही मला सापडलेलं नाही.

आजचं काम: मी दिवसातून कितीदा 'आहे का अजून?' म्हणून कान देऊन बघते, ते टिपायचं. टिपायला लागल्यावर लक्षात आलं की दार बंद केलं की बघते, लिफ्टमध्ये बघते, जाग आली की डोळे उघडायच्या आधी बघते. आणि ज्या क्षणी बघावं त्या क्षणी तो असतोच. धोक्याची सूचना म्हणून मेंदूने त्याला पहिल्या रांगेत बसवलंय आणि मी रोज त्याची हजेरी घेऊन ती जागा पक्की करते. सवय होत नाही ती इथे अडते.

आमच्याकडे हजेरी घेणारे दोघे आहेत. हे रोज सकाळी चहा ठेवता ठेवता विचारतात, "आज कसा आहे आवाज?" काळजीनेच. आज मी म्हटलं, "अहो, हे विचारायचं बंद कराल का?" ते जरा दुखावले. मग म्हणाले, "मग काय विचारू?" मला पटकन सुचेना. "झोप लागली का, ते विचारा," म्हटलं. त्यावर उत्तर देता येतं आणि काही करताही येतं.

रात्रीसाठी उशाशी पावसाचा आवाज लावते. शिट्टी बुडेल इतका मोठा नाही, तिच्या जरा खाली. पूर्ण झाकून टाकलं तर मेंदूला ओळख होणार कशाची, असा त्यामागचा विचार. याच विचारावर टीआरटी नावाची पद्धत उभी आहे: समुपदेशन आणि दिवसभर कानात मंद आवाज. २०१९ साली तिची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात टीआरटीवाले सुधारले, आणि मंद आवाजाचं यंत्र न देता नुसती नेहमीची काळजी मिळालेलेही तितकेच सुधारले. मला यात निराशेचं काही वाटत नाही. कुणीतरी नीट बसून समजावणं हाच त्यातला मोठा डोस असावा, असा माझा समज आहे. तो डोस मला मंगळवारी मिळाला नव्हता.

बुधवार

जिभेवर बारीक विजेचे झटके आणि त्याच वेळी कानात सूर, असं एक उपकरण आहे, लेनिअर. मार्च २०२३मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने, त्याला परवानगी दिली. २०२०च्या चाचणीत ३२६ जण होते, बरेचसे सुधारले, पण खोट्या उपचाराचा गट नव्हता, म्हणजे आशेने सुधारलेले किती आणि झटक्यांनी किती हे त्यातून सांगता येत नाही. पुढच्या चाचणीत आधी फक्त सूर, मग सूर आणि झटके, असा क्रम ठेवला. ज्यांचा त्रास मध्यम किंवा त्याहून जास्त, त्यांना जोडीने दिल्यावर अधिक फायदा झाला. सौम्य त्रासवाल्यांत तसा फरक दिसला नाही. मिशिगन विद्यापीठातल्या सुसान शोर यांच्या गटाचं उपकरण गाल किंवा मानेवर लावायचं असतं. त्यांच्या २०२३च्या चाचणीत ९९ जण होते, आणि जबडा किंवा मान हलवल्यावर ज्यांचा आवाज बदलतो असेच घेतले होते. मी लगेच दात आवळून पाहिले. शिट्टी वर चढते! म्हणजे मी त्या गटात बसते. याने उगाच आनंद झाला, कारण ते उपकरण अजून दुकानात नाही.

तेव्हा आधी श्रवणयंत्र. ऐकू कमी येत असेल तर ते लावून बघावं, हे त्या मार्गदर्शक तत्त्वांतही आहे, आणि माझा ६०००चा खड्डा समोर दिसतोय. ऑडिओलॉजिस्टने काही आठवडे चाचणीला यंत्र द्यायचं कबूल केलंय. आवाज वाढवताना भांड्यांचा खणखणाट टोचेल, तर सहन करत बसू नका, येऊन सेटिंग बदलून घ्या, असं बजावलंय. झोपताना यंत्र काढायचं, पाऊस चालू ठेवायचा. सीबीटीची सत्रं आहेत तशीच चालू.

तीन महिन्यांनी तीच २५ प्रश्नांची प्रश्नावली पुन्हा भरायची आहे आणि त्यावर लेनिअरचं ठरवायचं. ५८चे ५४ झाले तर ती सुधारणा धरायची नाही, निदान ७ गुणांचा फरक हवा, हे तिने आजच लिहून दिलंय.