जिथून उचललं तिथेच

18 मे, रविवार

अखेर आज फेणीला धरलं. शॅकवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांबू-झावळ्यांच्या हॉटेलात, जन्मलेल्या कुत्रीला दुसरं काय नाव ठेवणार! तिथल्या पोरांनी ठेवलं, गिऱ्हाइकांनी उचललं आणि चार वर्षं गोव्यातल्या मांद्र्याच्या किनाऱ्यावर ती त्या नावाला कान टवकारत आली. गेले पंधरा दिवस ती बसेल तिथे वाळूत रक्ताचे थेंब दिसत होते. मी रोज संध्याकाळी फिरायला जाते, मला दिसत होते. माजावर आली असेल, अशी स्वतःची समजूत घालून मी पुढे चालत राहिले, हेही इथे लिहून ठेवते. भटक्या कुत्र्यांच्या केंद्रावर फोन केला तो शॅकवर भांडी घासणाऱ्या पोराने. मी नव्हे.

धरायला मामा आले होते. त्यांना सगळे मामाच म्हणतात. साठीला टेकलेले, दोन्ही हातांवर चाव्यांचे जुने वण. सुटीच्या दिवशी केंद्रावर मदतीला जाते त्याला तीन वर्षं झाली, पण त्यांना कुत्रं धरताना इतक्या जवळून आजच पाहिलं. जाळं गाडीतच राहू दिलं. तिच्यापासून दहा हातांवर, तिच्याकडे पाठ करून वाळूत बसले आणि बिस्किटाचा पुडा मधूनमधून वाजवत राहिले. पाऊण तास. मी म्हटलं, "मामा, ऊन चढतंय." तर म्हणाले, "बाई, वर्गात पोरांनाही अशीच घाई करता?"

करते. गप्प बसले.

शेवटी तीच उठून आली. तिला गाडीत चढवून झाल्यावर मामांनी खिशातून वही काढली आणि लिहिलं: 'मांद्रे, किनारा. सुरूंच्या रांगेतून उतरल्यावर डावीकडचा शॅक, मागची पायरी, पाण्याच्या पिंपाजवळ.'

एवढं कशाला, असं विचारलं. तर म्हणाले, जिथून उचललं तिथेच सोडायचं. दुसऱ्या वाड्यावर सोडलं तर तिथली कुत्री हिला फाडतील, किंवा ही घर शोधत रस्त्यावर येईल आणि गाडीखाली जाईल. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीचे नियमही तेच सांगतात, 2001 चे जुने आणि 2023 चे नवेही. पण 'पाण्याच्या पिंपाजवळ' असं काही कुठल्या नियमात लिहिलेलं नाही.

25 मे

पाऊस. डॉक्टरबाईंनी गाठ दाखवली. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी, हात लागताच रक्त येणारी. हा कर्करोग कुत्र्यांच्या संयोगातून पसरतो. त्यात विषाणू नाही की जंतू नाही, गाठीतल्या जिवंत पेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात जाऊन रुजतात. म्हणजे हजारो वर्षांपूर्वी कुठल्या तरी एका कुत्र्याला गाठ झाली, ते कुत्रं केव्हाच मातीला मिळालं, गाठ मात्र अजून जगभर फिरते आहे. आणि फिरत फिरत ती मांद्र्याला आली. मी शहारलेच.

बरं म्हणजे, याला औषध आहे. व्हिन्क्रिस्टिन, आठवड्याला एक इंजेक्शन, चार तरी लागतील. कशापासून काढतात? सदाफुलीपासून! आमच्या दारात तुळशीशेजारी जी बारा महिने फुलते आणि जिला मी कधी खत घातलं नाही, ती. (म्हणून कुणी पानं चघळायला जाऊ नका. विषारी असतात.) औषधही तसंच जहाल. शिरेच्या बाहेर थोडं जरी सांडलं तरी आतलं मांस सडतं. म्हणजे टोचणाऱ्याचा हात हलून चालत नाही आणि कुत्रीचा पाय तर मुळीच हलता कामा नये. तो पाय मामा धरतात. श्वास चालू असतो एवढंच, बाकी माणूस नुसता दगड. सुई बाहेर आल्यावर त्यांनी फेणीच्या कपाळावरून बोट फिरवलं, एकदाच, आणि पुढचा पिंजरा धुवायला गेले.

8 जून

शाळा सुरू झाली, वेळ नाही. फेणीने दोन दिवस काही खाल्लं नाही, औषधाने भूक मरते. गाठ अर्ध्यावर आली आहे. पलीकडच्या खोलीतली पार्व्होची, म्हणजे त्या विषाणूची लागण झालेली, दोन पिल्लं सकाळी गेली. त्यावर कुणी काही बोललं नाही. खोली धुऊन काढली, बस्स.

15 जून

चौथं इंजेक्शन. गाठीच्या जागी आता वाटाण्याएवढा कोंब उरलाय, डॉक्टरबाई म्हणाल्या तोही जाईल. मग नसबंदीची शस्त्रक्रिया, रेबीजची लस, नसबंदीची खूण म्हणून कानाला खाच आणि सुट्टी.

पावसाने गाडी निघेना म्हणून पडवीत चहा पीत बसलो. मी सहज म्हटलं, "मामा, तुमचा कुत्र्यांवर फार जीव."

"कोण म्हणालं? मला मांजरं आवडतात. घरी तीन आहेत."

मी बघतच राहिले. मामा पूर्वी ट्रॉलरवर होते. पाठीने दगा दिला, समुद्र सुटला. 2014 साली गोव्यात मिशन रेबीज या संस्थेचं काम सुरू झालं तेव्हा पथकांना जाळं टाकणारी माणसं हवी होती. मामांना जाळं टाकता येत होतं. झालं. वाड्यावाड्यांतून फिरायचं, कुत्रं जाळ्यात घ्यायचं, लस टोचायची, डोक्यावर रंगाचा पट्टा ओढायचा म्हणजे तेच पुन्हा धरायला नको, की पुढचं. शंभरातल्या सत्तरांना तरी लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते, असा हिशेब. साखळी बरीचशी तुटली. 2021 मध्ये गोवा देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं. मी म्हटलं, केवढी मोठी गोष्ट! मामा म्हणाले, तेव्हा मी कुठल्याशा गोठ्यात होतो, फोटोत नाही.

मग आपणहून एक सांगितलं. सुरुवातीच्या वर्षांतलं. एका गोठ्यात पिसाळलेलं कुत्रं शिरलं होतं. जबडा लोंबकळलेला, लाळ गळतेय, मागचे पाय ओढत भिंतीला धडका देतंय. घरातली म्हातारी त्याच्यापुढे पाण्याचं भांडं सरकवत होती, तान्ह लागलीय म्हणून. लाळ तिच्या हाताला लागलेली. आधी तिला साबणाने पंधरा मिनिटं हात धुवायला लावले, मग लसीसाठी इस्पितळात पाठवलं. मग मामा आत गेले. कुत्र्याला जाळ्यात घेतलं, डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन झोपवलं.

"बरोबरचा एक पोर काठीने ढोसत होता. मी त्याची काठी काढून घेतली. तो म्हणाला, मरणारच आहे ना मामा. म्हटलं, मरणार आहे, मेलेलं नाही."

एवढं बोलून बशीतला चहा संपवला. हे ज्याला कुत्री आवडत नाहीत तो माणूस सांगतोय. आणि मी, कुत्री आवडणारी, पंधरा दिवस रक्ताचे थेंब ओलांडून चालले होते. केंद्रावर येतात ते बहुतेक माझ्यासारखे. आम्हाला पिल्लांचे फोटो काढता येतात आणि रडू लवकर येतं. आमच्यातले बरेचजण चतुर्थीपर्यंत टिकत नाहीत.

6 जुलै, आषाढी एकादशी

सासूबाईंना पहाटे साखळीच्या विठ्ठलाला जाणाऱ्या गाडीत बसवून दिलं. जाता जाता त्यांनी नामदेवाची आठवण करून दिलीच: कुत्र्याने भाकरी पळवली तर हा तुपाची वाटी घेऊन मागे धावला. "आज तू पण पुण्याचंच काम करतेस हो." मामांना गाडीत हे सांगितलं. ते म्हणाले, "तूप पचत नाही कुत्र्याला. जुलाब होतात."

किनाऱ्यावर पोचलो आणि माझ्या पोटात खड्डा पडला. शॅक नव्हता. नसणारच, मे संपला की शॅकवाले बांबू-झावळ्या उतरवून घेतात, हे मी जन्मभर बघत आले आहे. पण वहीतला तो पत्ता माझ्या डोक्यात इतका पक्का होता की शॅक जाईल हे मनातही आलं नव्हतं. पायरी नाही, पिंप नाही. समुद्र सुरूंच्या मुळांपर्यंत आलेला. हंगाम संपला की या कुत्र्यांचं ताटही उचललं जातं. मग ती भुकेने वाड्यांत घुसतात, मार खातात, रस्त्यावर मरतात.

मामा वही बघत सुरूंच्या रांगेपासून पावलं मोजत निघाले. छत्रीबित्री काही नाही. डावीकडे वळले, पुन्हा मोजलं, थांबले. पायाने वाळू उकरली. खांबाचा खड्डा निघाला, पाण्याने भरलेला. तिथून दोन पावलं मागे. "इथे."

"मामा, इथे काय आहे? ऑक्टोबरपर्यंत केंद्रावर ठेवू या."

"पिंजरा अडला तर दुसरी कुठे जाईल?"

"मग मी घरी नेते."

"ती घरात राहिलेली नाही. आणि तुमची सासू?" मी गप्प. मग म्हणाले, "दोन वेळ खायला घालाल?"

"घालीन की."

"मग इथेच घाला."

पिंजऱ्याचं दार उघडलं. फेणी उतरली, अंग झटकलं, खड्ड्यातलं पाणी हुंगलं. आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. थेट तिसऱ्या सुरूखाली जाऊन, तिथे मुळाशी कोरडी जागा होती, गोल फिरून बसली. इतकी वर्षं पावसात ती तिथेच बसत असणार. मला कुठे माहीत होतं? मी पावसात फिरायला जात नाही.

मामांनी वहीतली जुनी ओळ खोडली नाही. खाली नवी लिहिली: 'तिसरं सुरू. बाई, सकाळ-संध्याकाळ.' वहीत माझं नाव पहिल्यांदाच आलं, तेही नाव म्हणून नाही.

आता रात्रीचे दहा. उद्या सहाला निघायचंय आणि आज एकादशी, घरात भाताचं शीत नाही, आहे ती साबुदाण्याची खिचडी. मामांना फोन करून विचारलं, ही चालेल का. ते झोपेत होते.

"शेंगदाणे काढा," म्हणाले, "आणि तूप घातलं असेल तर नको."