पडवीतलं लेथ आणि भिंतीवरचा ड्राइव्ह

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यातून निघालेलं जुनं लेथ, म्हणजे धातू फिरवत कापायचं यंत्र, घराच्या पडवीत कसंबसं मावतं, अडतं ते विजेपाशी. हेस्कॉम या वीज कंपनीचं घरगुती कनेक्शन सिंगल फेजचं आणि मोटर तीन फेजची, 415 व्होल्टची. मग भिंतीवर ड्राइव्ह चढतो, म्हणजे सिंगल फेजमधून तीन फेज बनवणारं आणि मोटरचा वेग कमीजास्त करणारं उपकरण.

230 व्होल्ट घेणारा साधा ड्राइव्ह तीन फेज देतो, पण तेही 230 व्होल्टचेच. म्हणून आधी मोटरचं टर्मिनलचं झाकण उघडायचं. आत सहा टोकं दिसली तर जीव भांड्यात पडतो. 1 एचपीची मोटर बहुधा स्टार जोडणीत असते, तीन टोकं धातूच्या आडव्या पत्त्यांनी एकत्र बांधलेली. त्याच पत्त्या उभ्या लावल्या की डेल्टा जोडणी, आणि प्रत्येक वाइंडिंगला जवळपास पूर्वीइतकेच व्होल्ट. करंट मात्र 1.73 पट होतो. नेमप्लेटवर स्टारसाठी 1.8 अँपिअर असेल तर ड्राइव्हमध्ये 3.1 भरायचा. हे विसरलं की जरा खोल काप घेतला रे घेतला की ट्रिप, म्हणजे ड्राइव्ह आपोआप बंद, आणि दोष बिचाऱ्या ड्राइव्हला.

लेथचा जुना उलटसुलट स्विच ड्राइव्ह आणि मोटरच्या मध्ये ठेवू नये. चालत्या मोटरची वाट तिथे तुटली तर ड्राइव्हचे ट्रान्झिस्टर जाऊ शकतात. ड्राइव्हची तार थेट मोटरला न्यायची. स्विचचे संपर्क चांगले असतील तर तो कंट्रोलच्या टर्मिनलांवर घ्यायचा.

खरी गंमत ड्राइव्हच्या वेगाच्या नॉबची. फेसिंग करताना, म्हणजे कामाचं तोंड सपाट कापताना, हत्यार मध्याकडे सरकतं तसा व्यास घटतो आणि कापण्याचा वेग पडतो. डाव्या हाताने नॉब हळूहळू वाढवत नेला की पृष्ठभाग आतपर्यंत बराच एकसारखा येतो. पण हीच चैन माणसाला आळशी करते, पट्टा बदलायचा कंटाळा येतो. नॉबने वेग निम्मा केला, म्हणजे 25 हर्ट्झवर, की मोटरची ताकद निम्मी, तिच्या शेपटाकडचा पंखाही निम्म्याच वेगाने फिरतो. पट्टा मोठ्या पुलीवर टाकून वेग निम्मा केला तर चकावरचा, म्हणजे काम पकडणाऱ्या जबड्यावरचा, पीळ दुप्पट. मोठ्या व्यासाचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, कापायचं तर पट्ट्याला पर्याय नाही.

जड चक दोन सेकंदांत थांबवायला गेलं तर मोटर उलट वीज बनवते आणि ड्राइव्ह ओव्हरव्होल्टेज दाखवून हात वर करतो. आठ-दहा सेकंद द्यावेत, नाहीतर ती वीज जिरवणारा ब्रेकिंग रेझिस्टर लावावा. चक आट्यांवर बसणारा असेल तर रेझिस्टरचा मोह नकोच. झटक्याने थांबवलेला चक स्वतःच सुटू लागतो.

ड्राइव्ह लेथपासून दूर, बंद पण ऐसपैस पेटीत असावा. बिडाचा भुगा वीजवाहक, त्यात बेळगावच्या पावसाळ्याची ओल. पेटी साफ करायला मेन बंद केला तरी कपॅसिटरमध्ये सव्वातीनशेच्या आसपास व्होल्ट उरलेले असतात. निदान पाच मिनिटं थांबावं, मग मीटर लावून खात्री करावी. तेवढ्यात चहा होतो.