'आलोच' आणि 'अबाउट टू'

आमच्या शाळेत 'बी अबाउट टू' या इंग्रजी रचनेचा अर्थ '-च्या बेतात असणे' असा एका ओळीत पाठ करून घेतला जात असे, आणि 'द ट्रेन इज अबाउट टू लीव्ह' याचे भाषांतर 'गाडी सुटण्याच्या बेतात आहे' असे लिहिले की पूर्ण गुण मिळत. ती ओळ चुकीची नव्हती. परंतु जिन्यावरून धावत फलाट गाठणारा कोणी मनुष्य असे ओरडताना मी आजवर ऐकलेला नाही. तो 'सुटली, सुटली!' असेच ओरडतो, मग गाडी जागची हललेली नसली तरी.

हा भूतकाळ मोठा मौजेचा आहे. स्वयंपाकघरातून हाक आली की आपण बसल्या जागेवरून 'आलोच' म्हणतो. क्रिया व्हायची असते, क्रियापद मात्र ती उरकून मोकळे होते. एकदा एका अमराठी सहकाऱ्याला मी फोनवर 'निघालोच' या अर्थी 'आय हॅव लेफ्ट' असे सांगितले, तेव्हा मी घरात मोजे शोधत होतो आणि तो बिचारा माझ्या शब्दावर विसंबून उन्हात उभा राहिला. मराठी माणसाने त्या 'निघालोच'मध्ये दहा-पंधरा मिनिटे आपणहून मिळवली असती. तेथे 'आय अ‍ॅम अबाउट टू लीव्ह' हेच म्हणायला हवे होते.

शिवाय बेत करायला मन लागते. म्हणून दूध उतू जायला येते, तेल संपत येते आणि निवडणूक येऊ घातलेली असते. भिंत मात्र पडण्याच्या बेतात असू शकते, आणि तिच्या मनाची चौकशी कोणी करत नाही. इंग्रजीत या सर्वांना एकच रचना पुरते. तिची अट एवढीच की क्रिया अगदी तोंडावर आलेली असावी. त्यामुळे 'अबाउट टू लीव्ह'च्या पुढे 'टुमारो' जोडले की वाक्य बिघडते, कारण उद्यासाठी 'गोइंग टू' आहे.

भूतकाळात ही रचना बहुधा विघ्नाची वर्दी देते. 'आय वॉज अबाउट टू कॉल यू' म्हणजे 'तुला फोन करणारच होतो', आणि हे वाक्य दोन्ही भाषांत सारख्याच सहजतेने खोटे बोलले जाते.

नकारात मात्र सांभाळावे लागते. विशेषतः अमेरिकी इंग्रजीत 'आय अ‍ॅम नॉट अबाउट टू अपॉलजाइज' असे कोणी म्हटले आणि आपण शाळेतल्या ओळीप्रमाणे 'मी माफी मागण्याच्या बेतात नाही' असा अर्थ लावला, तर तो गृहस्थ निदान संध्याकाळपर्यंत तरी माफी मागेल, अशी आशा वाटू लागते. त्याने सांगितलेले असते ते 'मी मुळीच माफी मागणार नाही' एवढेच.